बीबीओवरचे 'एक्स्पर्ट': गणिताच्या एका निवृत्त बाईंचा अभिप्राय

बीबीओवर, म्हणजे ब्रिज हा पत्त्यांचा खेळ इंटरनेटवर खेळायच्या ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर, खातं उघडलं की आपली पातळी आपणच ठरवायची असते. नॉव्हिस, बिगिनर, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्पर्ट, वर्ल्ड क्लास, आणि ज्याला सांगायचंच नाही त्याच्यासाठी प्रायव्हेट. परीक्षा नाही, शिफारसपत्र नाही, पुरावा कोणी मागत नाही. यादीतला एक शब्द निवडला की तुम्ही ते झालात. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवण्यात आणि बारावीचे गठ्ठे तपासण्यात माझी नोकरी गेली. ही यादी पाहून मला आधी हसू आलं आणि मग जुन्या सवयीने मी प्रत्येक शब्दाची व्याख्या शोधायला गेले.

व्याख्या आहेत, आणि त्या वाईट नाहीत. नुकताच शिकलेला तो नॉव्हिस. खेळायला लागून वर्षही झालं नाही तो बिगिनर. क्लबात आणि लहान स्पर्धांत सातत्याने यश मिळवणारा अ‍ॅडव्हान्स्ड. देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धांत चमकलेला एक्स्पर्ट. जागतिक अजिंक्यपदात देशाकडून खेळलेला वर्ल्ड क्लास. राहिला इंटरमीजिएट. तर बीबीओच्या बहुतेक सदस्यांइतकं ज्याला येतं तो इंटरमीजिएट. उत्तरपत्रिकेत कोणी अशी व्याख्या लिहिली असती तर शेजारी लाल शाईने 'म्हणजे किती?' असं मी नक्की विचारलं असतं. पण तिच्यावरून एक गोष्ट उघड आहे, की बहुतेकांनी स्वतःला इंटरमीजिएटच म्हणायला हवं. प्रत्यक्षात संध्याकाळी कुठल्याही टेबलावर डोकावा, निम्मं टेबल एक्स्पर्टांचं. देशोदेशीच्या मोठ्या स्पर्धांत एवढी माणसं चमकली असती तर त्या स्पर्धा भरवायला मैदानं कमी पडली असती.

पत्ते मला माहेरीच येत होते. मेंढीकोट, झब्बू, रमी, दिवाळीत तीन पत्ती. ब्रिज आला लग्नानंतर, चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत. औष्णिक वीज केंद्रातली साहेब मंडळी रात्री क्लबात बसायची आणि शिफ्टच्या भानगडीत चौथा भिडू हमखास गळायचा. ती जागा भरायला ह्यांनी मला नेऊन बसवलं. तिथे कोणाची पातळी काय, हे विचारावं लागत नसे. कोणासमोर बसायचं आणि कोणाला टाळायचं हे चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. आता आम्ही नागपुरात. ब्रिज खेळणारे चौघे एका वेळी एका खोलीत जमवणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा कठीण, म्हणून बीबीओ. इथे समोर तुर्कस्तानचा भिडू, डावीकडे पोलंड, उजवीकडे कोलकाता. चहावाला नाही. तेव्हा कोण किती पाण्यात आहे हे कळणार कसं, एवढ्याच प्रश्नावर हा अभिप्राय आहे. बाकी सोयींचं शेवटी दोन शब्दांत सांगते.

एका एक्स्पर्टाचा नमुना. तीन नो ट्रम्पचा करार, म्हणजे हुकूम न ठेवता तेरापैकी नऊ हात करायचे. इम्पचं गुणांकन, म्हणजे इतर टेबलांशी असलेला गुणांचा फरक छोट्या आकड्यांत मोजायचा. तो खेळतोय आणि मी डमी, म्हणजे माझे पत्ते टेबलावर उघडे आणि तेही तोच टाकणार. विरोधकांनी पहिल्यापासून बदाम चालवून आमचा बदामाचा एकुलता एक अडसर, म्हणजे त्यांना रोखणारं पान, काढून घेतलेला. त्यानंतर त्याच्याकडे खात्रीचे नऊ हात तयार, मोजून नऊ. उचलायचे आणि पुढच्या डावाला लागायचं. पण ह्या गृहस्थांना दहावा हात हवा होता. किल्वरची फिनेस घेतली, म्हणजे राजा सोयीच्या बाजूला आहे असं धरून खालच्या पानावर हात मारायला गेले, राजा चुकीच्या बाजूला निघाला, त्यांनी बदामाचे चार हात घेतले आणि करार एकाने बुडाला. मॅचपॉइंटचं गुणांकन असतं तर ह्या हावेला थोडाफार आधार सापडला असता, कारण तिथे एकेका जादा हाताला मोल असतं. इम्पमध्ये जादा हाताचा एखादा इम्प, आणि करार बुडाला तर दहा-बारा. हा फरक ज्याला कळत नाही तो आपल्याला काहीही म्हणवून घेवो. त्याने 'अनलकी' एवढं टंकलं आणि टेबल सोडून निघून गेला. खुर्चीत दुसरा एक्स्पर्ट आला.

मग बीबीओने स्वतःच मोजमाप करून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा का लावू नये? हा प्रश्न मला माझ्या नातवाने विचारला. तो बुद्धिबळ खेळतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्या घरात रेटिंगखेरीज दुसरा विषय नाही. कोणाचं किती वाढलं, कोणाचं किती पडलं, सगळं त्याला तोंडपाठ. "आजी, तुझं रेटिंग किती?" मी म्हटलं, बाबा, बुद्धिबळात तू एकटा, समोर एकटा, सोंगट्या दोघांच्या सारख्या. ब्रिजमध्ये अर्धे निर्णय माझे नसतातच, ते समोरच्या भिडूचे. आणि पत्ते वाटणारा कोणाचा काका नसतो.

त्याला पटेना, म्हणून कागद घेतला. समजा आम्ही व्हल्नरेबल आहोत, म्हणजे करार साधला तर बक्षीस मोठं आणि बुडाला तर दंडही मोठा. इतर सगळ्या टेबलांवर चार इस्पिकवर, म्हणजे दहा हातांवर, बोली थांबली, आणि माझ्या भिडूने मात्र सहा इस्पिकचा स्लॅम लावला, म्हणजे तेरापैकी बारा हात. स्लॅम उभा राहतो एका फिनेसवर, म्हणजे राजा या बाजूला की त्या, निम्मी-निम्मी शक्यता. राजा बरोबर बसला तर आम्हाला १४३० आणि इतरांना ६८०. फरक ७५०, म्हणजे इम्पच्या तक्त्यानुसार १३ इम्प आमचे. राजा उलटा बसला तर आमचे वजा १००, इतरांना ६५०. फरक पुन्हा ७५०, म्हणजे १३ इम्प गेले. बोली तीच, विचार तोच, खेळ तोच, आणि निकालात २६ इम्पांचा फरक. एका संध्याकाळच्या दहा-बारा डावांत असे दोन प्रसंग आले की त्या रात्रीचा आकडा तुमच्याबद्दल काही म्हणजे काही सांगत नाही. बरं, बीबीओच्या मुख्य क्लबात तेच पत्ते इतर टेबलांवरही खेळले जातात आणि तुमचा निकाल त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे नुसते चांगले पत्ते आले म्हणून कोणी पुढे जात नाही, आणि हे न्यायाचंच आहे. पण पत्त्यांचं नशीब काढून टाकलं तरी भिडूचं आणि विरोधकांचं नशीब उरतंच. ते धुऊन निघायला शेकडो डाव लागतात, आणि तेही भिडू नि विरोधक कोण होते हे हिशेबात धरून. नातू म्हणाला, "म्हणजे जमतं, पण किचकट आहे." बरोबर बोलला.

हा प्रयोग आधी झालेला आहे. बीबीओच्या आधी ऑनलाइन ब्रिजसाठी लोक ओकेब्रिजवर जात. तिथे लेहमन रेटिंग नावाचा आकडा होता, पन्नासच्या आसपास फिरणारा, भिडू आणि विरोधकांचं बळ धरून काढलेला. गणित म्हणून ठीकच होतं. पण आकडा नावाला चिकटल्याबरोबर माणसं आकड्यासाठी खेळू लागली. आपल्यापेक्षा कमी आकड्याच्या भिडूबरोबर बसायचं नाही, एक डाव बिघडला की टेबल सोडायचं, नवख्याला दारातूनच परत पाठवायचं. शिकणाऱ्याने मग बसायचं कुठे? बीबीओ २००१ साली कॅनडाच्या फ्रेड गिटेलमनने सुरू केलं आणि तिथे असं रेटिंग ठेवलं नाही. हा माणूस स्वतः कच्चा खेळाडू नव्हे. २०१० साली फिलाडेल्फियात रोझेनब्लम कप, म्हणजे संघांचं खुलं जागतिक अजिंक्यपद, जिंकणाऱ्या संघात तो होता, म्हणजे त्याच्याच यादीतला वर्ल्ड क्लास. ज्याला आकड्याची भीती असायचं कारण नव्हतं त्याने आकडा टाळला, याला माझ्या लेखी वजन आहे. २०१८ मध्ये फनब्रिज या ब्रिजच्याच अ‍ॅपवाल्या फ्रेंच मंडळींशी बीबीओचं एकत्रीकरण झालं, पण स्वतःच पातळी लिहायची पद्धत राहिली ती राहिलीच.

माझं मत आताच सांगून टाकते. ग्रेड म्हणून तो रकाना निरुपयोगी आहे, आणि निरुपयोगी आहे हेच चांगलं आहे. त्यावर कोणाचं काही अवलंबून नाही, त्यामुळे त्याच्यापायी कोणी कोणाला टेबलावरून उठवत नाही. निदान उठवायला आकड्याचं निमित्त तरी मिळत नाही.

पण माणसाला चढायला शिडी लागतेच, आणि ती बीबीओने दुसऱ्या वाटेने दिली आहे. स्पर्धा खेळल्या की बीबीओ पॉइंट्स जमतात आणि पुरेसे जमले की नावाशेजारी पत्त्याचं छोटं चिन्ह येतं, गुलाम, राणी, राजा असं. लोक त्याला भुलतात. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना तर समोर राजा बसला की बोलीत हात कापायला लागतो. पॉइंट म्हणजे काय हे एकदा समजून घ्या, भीती जाईल.

स्पर्धांतून असे पॉइंट, मास्टर पॉइंट, जमवायची कल्पना मूळची अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. १९३६ साली तिथे लाइफ मास्टर हा किताब निघाला आणि पहिल्या दहा जणांत क्रमांक एक होता डेव्हिड ब्रूस. तेव्हा किताब म्हणजे खरोखर देशातले निवडक दहा. आज अमेरिकन काँट्रॅक्ट ब्रिज लीगची उतरंड अशी आहे: सुरुवातीला रुकी, ५ पॉइंटांना ज्युनियर मास्टर, २० ला क्लब मास्टर, ५० ला सेक्शनल, १०० ला रीजनल, असं करत ५०० ला लाइफ मास्टर, जो २०१० च्या आधी ३०० लाच मिळायचा. त्याच्या पुढे १००० ला सिल्व्हर, २५०० ला गोल्ड, ५००० ला डायमंड. पॉइंटांना रंगही आहेत. क्लबात मिळतात ते काळे, त्याहून मोठ्या स्पर्धेत चंदेरी, मग लाल आणि सोनेरी, आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या वरच्या गटांत प्लॅटिनम. लाइफ मास्टर व्हायला ठरावीक रंगांचा वाटा लागतो, म्हणजे घराशेजारच्या क्लबातच बसून तो किताब येत नाही. रंगांची ही अट मला आवडली. कुठे मिळवले हे विचारणं म्हणजे किती मिळवले यापेक्षा एक पायरी शहाणपणाची.

तरी मूळ दोष तसाच राहतो. पॉइंट मिळतो, जात नाही. आज पहिला आलात, मिळाला. उद्या शेवटचे आलात, कापला जात नाही. परवा पुन्हा या. पुरेशी वर्षं पुरेसे डाव खेळत राहिलात की आकडा वाढणारच. माझ्या भाषेत हा हजेरीपट आहे, निकालपत्रक नव्हे. आणि हजेरीपटाला मी कमी लेखत नाही. ज्याची हजेरी असते त्याला विषय थोडाफार येतोच. पण हजेरीवरून पहिला नंबर काढला तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेत येतील. अमेरिकेत एक बॅरी क्रेन होऊन गेला, दूरचित्रवाणी मालिकांचा निर्माता, १९८५ मध्ये त्याचा खून झाला. तो वर्षानुवर्षं देशात सर्वांत जास्त मास्टर पॉइंट असलेला खेळाडू होता, मृत्यूच्या वेळी पस्तीस हजारांच्या वर. माणूस विलक्षण होता यात वाद नाही, जोड्यांच्या स्पर्धांत त्याला तोड नव्हती. पण तो आठवडा-आठवडा गावोगावच्या स्पर्धांत खेळत फिरायचा हेही त्या आकड्यात आहे. वर्षभरात सर्वाधिक पॉइंट कोण गोळा करतो याची शर्यतच पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

जागतिक ब्रिज महासंघाने यावर बरा तोडगा काढला आहे. त्यांचे मास्टर पॉइंट दर वर्षी १५ टक्क्यांनी झिजतात. जुन्या पुण्याईवर फार काळ बसता येत नाही. शिवाय प्लेसिंग पॉइंट नावाचा वेगळा हिशेब आहे, तो झिजत नाही, आणि वर्ल्ड ग्रँड मास्टर हा सर्वांत वरचा किताब त्यावर मिळतो. आज कोण जोरात आहे याला एक आकडा, आणि आयुष्यात काय केलं याला दुसरा. दोन प्रश्न, दोन उत्तरं. बीबीओच्या चिन्हात हे दोन्ही प्रश्न एकात कालवलेले आहेत. त्यापेक्षा बीबीओचा तारा खरा. जगात नाव कमावलेल्या खेळाडूंना बीबीओ खात्री करून तारा देतं, तो स्वतःच्या हाताने लावता येत नाही. तारा दिसला की मी खेळणं सोडून त्या टेबलावर प्रेक्षक म्हणून जाऊन बसते.

सगळ्यांत शहाणी पद्धत मला माझ्या लेकीकडून कळली. ती इंग्लंडमध्ये असते आणि तिथल्या क्लबात आठवड्यातून एकदा खेळते. इंग्लिश ब्रिज युनियनची एक राष्ट्रीय ग्रेडिंग योजना आहे. क्लबातल्या साध्या रात्रीचा निकालसुद्धा त्यांच्याकडे जातो. त्यातून तुमच्या भिडूचं बळ आणि त्या रात्री आलेल्या सगळ्यांचं बळ हिशेबात घेऊन तुमचा आकडा निघतो, पन्नास म्हणजे सरासरी, आणि नव्या निकालांबरोबर तो वर जातो तसा खालीही येतो. मग हा आकडा पत्त्याच्या रूपात सांगतात, दुर्रीपासून एक्क्यापर्यंत, आणि प्रत्येक पत्त्यात रंगांची चढण, किल्वर, चौकट, बदाम, इस्पिक. लेकीचा फोन आला, "आई, मी चौकटची नव्वी झाले." ह्यांनी पलीकडून विचारलं, "आणि जावई?" जावई सत्ती. तो विषय आम्ही पुन्हा काढत नाही. त्या योजनेत आणखी एक समजूतदार सोय आहे, ग्रेड लोकांना दाखवायची की नाही हे खेळाडू ठरवतो. जावयाने काय ठरवलं असेल ते तुम्ही ओळखलंच.

अशी योजना बीबीओवर आणता येईल का? मला नाही वाटत. तिथे क्लबात माणसं समोरासमोर येतात, नावं खरी असतात, जोड्या ठरलेल्या असतात. इथे एका माणसाची दोन खाती असू शकतात. त्यातून तो एका खात्याने खेळतो आणि दुसऱ्याने प्रेक्षक होऊन स्वतःच्याच टेबलाचे चौघांचे पत्ते बघतो. हा प्रकार ऑनलाइन ब्रिजमध्ये चांगलाच माहीत आहे, म्हणून तर टेबलावर प्रेक्षकांना बंदी घालायची सोय आहे. टाळेबंदीत जगभरचे क्लब बंद पडले आणि सगळी गर्दी ऑनलाइन आली तेव्हा अशा लबाडीची चर्चा फार वाढली. आकडा लावला की लबाडीला कारण मिळतं. आकडाच नसेल तर स्वतःलाच फसवायला इतकी खटपट कोण करेल? अर्थात करणारे आहेत.

आता रोबोट. बीबीओवर रोज रोबोटांबरोबरच्या स्पर्धा असतात. तुम्ही एक माणूस, बाकी तिन्ही रोबोट. भिडूचं नशीब गेलं, विरोधकांचं गेलं, सगळ्यांना तोच भिडू आणि तेच विरोधक. गणितवालीला हे भावणारच. महिनाभराची टक्केवारी काढली तर ती माझ्या खेळाचा बऱ्यापैकी प्रामाणिक आरसा असावी, असं वाटतं. पण यातल्या पुष्कळ स्पर्धांत 'बेस्ट हँड' असतो, म्हणजे टेबलावरचे सर्वांत तगडे पत्ते नेहमी तुमच्याचकडे. तगडे पत्ते आले की करार बहुधा तुमचा, खेळणार तुम्ही. बचावाला, म्हणजे दुसऱ्याचा करार बुडवायला, बसण्याची वेळ कमी येते. आणि ब्रिजमधला निम्मा वेळ बचावात जातो. तिथेच खेळाडू उघडा पडतो. टाकलेल्या पानातून रोबोटाला खूण देऊन कळत नाही, त्याची बोलीही पुस्तकी, त्यामुळे त्याला चकवायच्या युक्त्या शिकून टक्केवारी चढवणारे पुष्कळ आहेत. त्यांना माणसांच्या टेबलावर बसवा आणि मजा बघा. रोबोट स्पर्धेच्या टक्केवारीने तुमचा करार खेळण्याचा हात समजेल, एवढंच.

मग मी माणसं कशी पारखते? पातळीचा शब्द वाचतच नाही, त्याच्या खालच्या ओळी वाचते. तिथे खेळाडू आपली पद्धत लिहितात. कोणी नुसतं 'जय श्रीराम' लिहितं, कोणी झेंडे लावतं, कोणी 'नाइस पीपल ओन्ली'. ज्याने टू-ओव्हर-वन, आरकेसीबी वगैरे बोलीच्या युक्त्यांची माळ लावली आहे त्याच्याबद्दल मला अजून काही कळलेलं नसतं, कारण नावं पाठ करायला कष्ट नाहीत. पण ज्याने बचावातल्या खुणा लिहिल्या आहेत, उलट्या की सरळ, पहिलं पान कुठलं टाकतो, त्याच्यासमोर मी निर्धास्त बसते. बचावात भिडूशी बोलावं लागतं हे ज्याला सुचलं, तो एका पायरीच्या वर आलेला असतो. पोलिश खेळाडू पातळी प्रायव्हेट ठेवतात, पद्धत म्हणून 'डब्ल्यूजे', म्हणजे त्यांच्याकडची सर्रास वापरातली बोलीपद्धत, एवढंच लिहितात, एक शब्द बोलत नाहीत, आणि तुमचे कपडे काढतात.

दुसरी खूण क्लेमची. उरलेले हात कोणाचे हे आता ठरलेलं आहे, असं वाटलं की खेळणारा पत्ते उघडे करून क्लेम करतो. कोण कितव्या हाताला क्लेम करतो हे बघा. सहाव्या-सातव्या हातालाच 'हुकूम काढतो, दोन चौकट सोडून सगळे माझे' असं लिहून पत्ते टाकणारा माणूस मोजतो आहे. बाराव्या हातापर्यंत एकेक पत्ता घासत नेणारा बहुधा मोजत नाही, आशा करतो आहे. आणि समोरच्याचा बिनचूक क्लेम जो नाकारतो, त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो, त्याला शेवटच्या चार पत्त्यांचं चित्र दिसत नाही. माझ्या अनुभवात पॉइंट, पत्त्याचं चिन्ह, पातळीचा शब्द या तिघांहून ही खूण जास्त वेळा खरी ठरली आहे.

तिसरी गोष्ट बीबीओचीच, आणि हिच्यासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी देईन. खेळाडूचं नाव टाकून त्याने अलीकडे खेळलेले डाव उघडता येतात, बोलीपासून शेवटच्या पत्त्यापर्यंत, शेजारी इतर टेबलांचे निकाल. कोणाबरोबर नियमित खेळायचं ठरवण्याआधी मी त्याचे पाच-दहा डाव चाळते, तेही फक्त बचावाचे. त्याने आकडे कुठले टाकले, एक्का केव्हा सोडला, भिडूने मागितलेला रंग परत दिला की नाही. दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही ग्रेडमध्ये मावत नाही. उत्तरपत्रिका उघडी असताना टक्का कशाला विचारायचा?

आणि चौथी म्हणजे टिपण. प्रत्येक खेळाडूच्या नावाशी स्वतःपुरती टीप लिहून ठेवता येते, ती फक्त आपल्याला दिसते. मी मराठीत लिहिते. 'शांत. उशिरा डबल देतो पण खरं देतो.' 'डमी झाला की गायब.' 'बदामाचं प्रेम, चार पत्त्यांवर तीनची बोली.' 'बाई फार छान, बोस्निया, इंग्रजी येत नाही, गरजही नाही.' 'भिडूला शिकवतो. नको.' हे शेवटचं टिपण माझ्याकडे सगळ्यांत जास्त नावांवर आहे, आणि त्यातले बहुतेक जण आपल्याला एक्स्पर्ट म्हणवतात.

बाकीची सेवा थोडक्यात. माणसांशी साधा खेळ फुकट आहे. पॉइंटांच्या आणि रोबोटांच्या बहुतेक स्पर्धांना पैसे पडतात, बीबी डॉलर नावाने, एक बीबी डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. ब्राउझरमध्ये चालतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तेरा पत्ते आणि चष्मा यांचं जमत नाही, टॅबलेट घ्या. शिकण्यासाठी मात्र इथली खरी दौलत व्ह्यूग्राफ. मोठ्या स्पर्धांतले डाव तिथे पत्त्यागणिक दाखवतात, जाणकार शेजारी टिप्पणी करत असतात, आणि तेही फुकट. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ दे सरकार यांनी जोड्यांमध्ये सुवर्ण मिळवलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते आणि दे सरकार छप्पन्न. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या लोकांनी मला पहिल्यांदा विचारलं की तुम्ही जो खेळता तो हाच का. त्यांना पत्त्यांच्या खेळात पदक मिळतं याचंच आश्चर्य. हांगचौला २०२३ मध्ये आपल्या पुरुष संघाने रौप्य आणलं, अंतिम सामन्यात हाँगकाँगकडून हरून. त्या संघात जग्गी शिवदासानी होते, ज्यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत स्पिंगोल्ड ही तिथली मोठी संघस्पर्धा जिंकली होती. छत्तीस वर्षांनी तोच माणूस देशासाठी टेबलावर. हे कुठल्या ग्रेडच्या रकान्यात बसवणार?

कोणासाठी ही सेवा नाही, तेही सांगते. नावापुढे आकडा वाढताना दिसल्याशिवाय ज्याला खेळ गोड लागत नाही, त्याला इथे पॉइंटांवर पैसे घालवावे लागतील आणि समाधान मिळणार नाही. त्याने इंग्लंडात राहावं किंवा बुद्धिबळ खेळावं. नवीन शिकणाऱ्याने पातळी बिगिनर लिहावी, लाजू नये. टेबलावरचे दोन जण नाकं मुरडून उठतील, तिसरा बसेल आणि धीराने खेळेल. मला असे तिसरे बरेच भेटले. ज्याला बऱ्यापैकी येतं त्याने इंटरमीजिएट लिहावं, मीही तेच लिहिलं आहे, आणि खालच्या ओळीत बचावाच्या खुणा. पैसे भरण्याआधी महिनाभर फुकटच्या टेबलांवर बसा, टिपणं ठेवा, आणि व्ह्यूग्राफ असेल त्या रात्री खेळू नका, नुसतं बघा.